आजीच्या दोन ओळी

ते प्रकरण मनात आलं की मला आधी दिसतो तो पोस्टमन, खाकी पिशवी मांडीवर घट्ट धरून आमच्या ठाण्याच्या बाकावर बसलेला. रोज तो आमचं टपाल द्यायला यायचा, हवालदारांशी दोन शब्द बोलून जायचा. त्या दिवशी मात्र मी त्याला बोलावून घेतलं होतं, आणि तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तीही नोकरी करता करता, बाहेरून. माझं लिखाण म्हणजे पंचनामे आणि जबाब. तरीही हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण काही माणसांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

तेव्हा मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. विक्रोळीच्या जुन्या कारखान्यांमागची वस्ती आमच्या हद्दीत यायची. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिथल्या एक आजी आल्या. वय सत्तरीपुढचं, गुडघे दुखरे, हातात कापडी पिशवी. ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "पोस्टमननं माझा कागद चोरला."

"कसला कागद, आजी?"

"बँकेचा. दर महिन्याला येतो. पाच महिने झाले, आला नाय."

बाजूचा एक शिपाई हसला. "बँकेचा कागद घेऊन तो काय करणार, आजी? भेळ बांधणार?"

"ते त्याला विचार. पोलीस तू का मी?"

मी आतून ऐकत होतो. खरं सांगतो, मलाही ही तक्रार किरकोळ वाटली. म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा असेल, समजूत घालून घरी पाठवावं, असं मी म्हणालो. आमचे ठाणे अंमलदार निवृत्तीला आलेले हवालदार होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, अर्ज घ्यायला शाई किती लागते?" आणि त्यांनी अर्ज लिहून घेतला. आजींना वाचता येत नव्हतं, पण त्या सही करायच्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी एकेक अक्षर कोरत केली.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टमनला बसवलं ते असं. जरा चढ्या आवाजातच विचारलं, "पाच महिन्यांची पत्रं गेली कुठं?"

"साहेब, जे आलंच नाही ते मी देऊ कुठून?" तो म्हणाला. "आजी दर महिन्याला दारात उभ्या असतात. मी लांबूनच मान हलवतो. परवा त्यांनी माझी पिशवी ओट्यावर रिकामी करायला लावली. सगळी गल्ली बघत होती." थोडं थांबून म्हणाला, "माझ्या हापिसात अर्ज गेला तर चौकशी लागेल. पाठवायच्या आधी एकदा बँकेला विचारा, एवढंच म्हणणं आहे."

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी बँकेला पत्र दिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. खातेदाराच्या सहीच्या फॉर्मनुसार सहा महिन्यांपूर्वी कागदी विवरणपत्र बंद करून ऑनलाइन केलं आहे. फॉर्मची प्रत जोडली होती. दोन चौकोन, त्यातल्या 'ऑनलाइन'वर खूण, खाली आजींची कोरीव सही आणि एक ई-मेल पत्ता. तो आजींच्या नातीचा होता.

पोस्टमन सुटला, पण माझ्या मनात संशय नातीवर बसला. अशा अर्जांत घरचंच माणूस निघतं, हा आमचा अनुभव.

मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईवडील जालन्याकडे गावी, ही शिक्षणासाठी आजीपाशी. पांढऱ्या गणवेशातच आली. महिला शिपायाला समोर बसवून मी विचारलं, "फॉर्म तू भरलास?"

"हो सर."

"आजीला सांगितलंस?"

"सांगितलं होतं, सही कर म्हणून. काय आहे ते नीट नाही सांगितलं." ती हळू आवाजात बोलत होती. "काउंटरवर म्हणाले, ऑनलाइन करा, कागद वाचतो. मला वाटलं, आजीला कुठं वाचता येतं? उगाच तारेला कागद ओवून ठेवते."

"मग मेलवर आलेले कागद कुठं आहेत?"

तिनं मोबाइल पुढे केला. पाच मेल होते, पाचही न उघडलेले. "पासवर्ड लागतो सर. वॉर्डची ड्युटी, परीक्षा. उद्या बघू, उद्या बघू, असं करत राहून गेलं."

मी तिला तिथंच उघडायला लावले. आमच्या संगणकावर छापून घेतले आणि आजींना आत बोलावलं. काहीही न सांगता पहिला कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पदराला बोट पुसलं, कागदावर टेकवलं आणि वरून खाली सरकवलं. ओळीवर थांबत, पुन्हा सरकवत.

"हा माझा नाय," त्या म्हणाल्या. "चार ओळी हायत. माझ्या दोनच असतात."

"म्हणजे?"

"यांची पेन्शन येते ती एक ओळ. घरखर्चाला काढते ती एक. तिसऱ्या महिन्याला व्याजाची धरून तीन. यांनी शिकवलं होतं. म्हणाले होते, अक्षर नाय कळलं तरी चालेल, ओळी मोजत जा. जास्ती दिसली की बँकेत जाऊन विचारायचं."

नात आजीकडे बघतच राहिली. मीही. माझी आई अंगठा करायची. तिला काही कळत नाही, असं धरूनच मी तिचे सगळे कागद परस्पर उरकले होते. ते त्या क्षणी मला टोचलं.

पाचही कागदांवर जादा ओळी होत्या, सगळ्या एटीएममधून काढलेल्या रकमांच्या. नातीनं तळाची शिल्लक बघितली आणि पाचही कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. तिसऱ्या वर्षाची फी त्याच खात्यात होती. आजींनी नवरा गेल्यापासून जमवलेली. महिनाअखेरीस भरायची होती, आणि आता ती त्यातून निघत नव्हती. फी नाही भरली तर वर्ष जाणार, कदाचित गावी परतावं लागणार.

"कार्ड कुणाकडे असतं?" मी विचारलं.

गुडघ्यांमुळे आजींना एटीएमपर्यंत चालवत नव्हतं. शेजारी राहणारा एक टेम्पोवाला महिन्यातून एकदा कार्ड नेऊन पैसे आणून द्यायचा. मावशी म्हणायचा. बँकेचे मेसेज जात होते ते आजोबांच्या बंद पडलेल्या नंबरवर.

कार्ड लगेच बंद करायला लावलं, एटीएमच्या फुटेजसाठी पत्र दिलं आणि शेजाऱ्याला बोलावलं. तो बिनधास्त आला. "काढले ना साहेब. मावशीच सांगायची, आणखी आण म्हणून. आता वय झालं, तिच्या लक्षात राहत नाही. तिला विचारून काय उपयोग?"

इथं मी अडलो. फुटेजमध्ये तो दिसला असता, पण पैसे काढल्याचं तो नाकारतच नव्हता. तिचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच उरत होतं. आणि त्यानं तिच्या वयावर बोट ठेवलं होतं, जसं आधी मी ठेवलं होतं.

तेवढ्यात आजींनी नातीला घरी पिटाळलं. अर्ध्या तासात ती एक वाकवलेली तार घेऊन आली. रेशनच्या दुकानात पावत्या ओवतात तशी. त्यात कागदी विवरणपत्रं ओवलेली, सगळ्यात जुनं तळाला. मी ती टेबलावर पसरली. महिन्यामागून महिना, दोन ओळी. तिसऱ्याला तीन. पैसे काढल्याची ओळ दर महिन्याला एकच.

मी शेजाऱ्याला म्हणालो, "तीन वर्षं मावशीला महिन्यातून एकदाच पैसे लागले. कागद यायचा बंद झाला आणि पुढच्याच महिन्यापासून दोनदा, तीनदा लागायला लागले. असं कसं रे?"

तो कागदांकडे बघत राहिला. शेवटी तो म्हणाला, "टेम्पोचे हप्ते थकले होते साहेब. मनात आधीही यायचं. पण मावशी ओळी मोजायची ना. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मग पोरगी एकदा म्हणाली, आता कागद बंद, सगळं ऑनलाइन." मान खाली घालून त्यानं जोडलं, "ज्यांना वाचता येतं ते बघत नाहीत. मावशी बघायची."

नातीनं तोंड फिरवलं. आजी तिला म्हणाल्या, "रडू नगंस. पुढच्या वेळी विचारून कर."

विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला. शेजाऱ्याच्या बायकोनं टेम्पो विकून रक्कम कोर्टात जमा केली, पण ती आजींच्या हाती यायला वेळ लागणार होता. मी ठाण्याच्या कागदावर कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं. असं पत्र लिहायचा नियम होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली. पैसे मिळाले, फी भरली गेली. ती मुलगी आज एका रुग्णालयात परिचारिका आहे.

आजींनी बँकेत पुन्हा कागद सुरू करून घेतला. पहिला कागद आला त्या दिवशी त्यांनी पोस्टमनला ओट्यावर बसवून चहा दिला. "तुला चोर म्हणले, चुकलं माझं," असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, हे त्यानंच मला येऊन सांगितलं. मी त्याची माफी मागितली का? नाही. नुसतं "बरं झालं" म्हणालो. ती आज मागतो. शाईचा हिशेब विचारणाऱ्या हवालदारांचेही आभार मी वेळेवर मानले नाहीत.

कागद चांगला की ऑनलाइन, यावर मला मत विचाराल तर माझ्याकडे नाही. माणसाला जे स्वतःच्या बोटानं तपासता येतं, ते त्याच्यासाठी चांगलं. ते बदलण्याआधी त्याला विचारावं, एवढंच या प्रकरणानं मला शिकवलं.

आजींनी माझ्यासमोर ओळी मोजल्या, त्याच आठवड्यात सुट्टी घेऊन मी आईकडे गेलो होतो. तिचे बँकेचे कागद तिच्यासमोर ठेवले आणि पहिल्यांदाच विचारलं, "यातलं तुला काय कळतं?" ती तासभर सांगत होती.

निवृत्तीनंतर माझी पेन्शन सुरू झाली तेव्हा बँकेतल्या मुलीनं तोच फॉर्म पुढे केला. मी ऑनलाइनवर खूण केली. दर महिन्याला मेल येतो. चष्मा लावून वाचायच्या आधी मी पडद्यावर बोट टेकवतो आणि वरून खाली ओळी मोजतो.