सरांचं ‘चूक! बसा!’

इंग्रजीत तीनदा दांडी उडाली की मॅट्रिकचं सर्टिफिकेट मिळत नाही, किस्से मात्र ढिगानं जमतात. माझ्याकडचे सगळे कोल्हापुरातल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गातले, सत्तर सालच्या आसपासचे. दिवसभर राबून आलेली दहा-बारा मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. सर एक नंबरचे खडूस! उत्तर चुकलं की दोनच शब्द, "चूक! बसा!"

*

गारगोटीचा नामदेव ‘नो सूनर… दॅन’वर कायम भडकायचा.

"घंटा वाजली, पोरं पळाली. सरळ सांगाया काय हुतंय ह्यास्नी?"

"साहेबाला विचार," सर म्हणाले. "तोवर वाक्य चूक. बस!"

*

दस्तगीरचाचा हुपरीला पैंजण घडवायचे. काम आटोपून एस.टी.नं वर्गाला यायचे. सरांनी एकदा त्यांना विचारलं, "‘ही इज अंडर द वेदर’ म्हणजे काय?"

"हवेखाली तर आपण समदेच हाय की, सर!"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत.

"चूक! तो आजारी आहे. बसा."

*

एकदा नामदेव पेढे घेऊन आला. नोकरीच्या अर्जाला उत्तर आलं होतं, ‘वुई वुड हॅव बीन ग्लॅड टू अपॉइंट यू…’ ग्लॅड दिसलं, अपॉइंट दिसलं, गड्यानं पुढचं वाचलंच नाही! सरांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"चूक. आनंद झाला असता, म्हणजे झालेला नाही. जागा भरली."

आमच्या तोंडातला पेढा गिळवेना. मला सरांचा भयंकर राग आला. "जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं, सर?"

"चुकीला बरोबर म्हणायला मी इथं येत नाही," सर म्हणाले.

*

चाचांना परीक्षा द्यायचीच नव्हती. त्यांचा एकुलता एक बशीर मालवाहू जहाजावर होता, आणि कंपनीची पत्रं इंग्रजीत यायची. "माझ्या पोराची खबर मला दुसऱ्याच्या तोंडनं नको," म्हणायचे. पुढं जहाजाचाच पत्ता लागेना. दोन महिने झाले, तरी चाचांचा वर्ग चुकला नाही.

एका संध्याकाळी ते कंपनीचं पाकीट घेऊनच आले. फोडलेलं होतं. सरांनी सांगायच्या आधीच उभे राहिले आणि वाचू लागले. चार ओळी, एकदाही न अडखळता. असं वाचन त्या वर्गात कुणीच कधी केलं नव्हतं.

"आता अर्थ सांगतो, सर. ‘नो लाँगर एनी होप.’ म्हंजे आता आशा उरली न्हाय. म्हंजे माझा बशीर आता यायचा न्हाय." चाचांनी वर बघितलं. "बरोबर हाय न्हवं, सर?"

सरांनी पत्र हातात घेतलं. एकदा वाचलं. परत वाचलं. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो होतो.

"चूक," सर म्हणाले. "साफ चूक. बसा, चाचा."