साडूंचं वजन, घट वजा जाता

महाराष्ट्रात वजन कमी करण्याचे जेवढे संकल्प आजवर झाले असतील, त्यांतले निम्मे तरी माझ्या थोरल्या साडूंनी एकट्यानं केले असतील, आणि उरलेले निम्मे त्यांच्या आग्रहाखातर दुसऱ्यांनी मोडले असतील. साडू चाकणचे. जुनं शेतकरी घर. थोडी जमीन कंपन्यांच्या पोटात गेली, थोडी कांद्यासाठी उरली आणि साडू स्वतः गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागले. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. माझ्या लग्नात मी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा ते पंगतीत जिलबी वाढत होते, आणि प्रत्येक पानाशी वाकून, "घ्या, मला तर खायची न्हाई, डाएट चालू हाय," असं सांगत होते. पंगत उठल्यावर ते परातीसकट मांडवामागे गेले. त्यानंतरच्या बावीस वर्षांत त्यांचं डाएट एक दिवसही बंद पडलेलं मी ऐकलं नाही आणि त्यांचं वजन एकशे आठच्या खाली गेलेलंही पाहिलं नाही. "जपमाळंत मनी बी एकशे आठच असत्यात," ते म्हणायचे. "आमी तिथं थांबलो."

घरच्या वजनकाट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वजन करायचं तर मार्केट यार्डात, कांद्याच्या पिशव्या जिथे मोजतात त्या काट्यावर. तिथला मापाडी त्यांचा शाळासोबती. दोन गाड्यांचा कांदा उतरण्याच्या मधल्या वेळात साडू टोपी काढून, काट्यावर चढून, देवळात उभं राहावं तसे गंभीर उभे राहायचे. आकडा आला की मग खरा व्यवहार सुरू व्हायचा. कांदा मोजताना गोणीचं वजन वजा करतात, मग माझं बारदान का करत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट, पट्टा, किल्ल्यांचा जुडगा, मोबाईल, नुकताच झालेला चहा, असं सगळं ते तोंडी वजा करत जायचे. त्यानंतर यायची घट. चाळीत ठेवलेला कांदा वाळत जातो आणि हलका होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. शेतकरी ती घट मनात आधीच धरून ठेवतो. साडूंचं म्हणणं असं की ते आता वर्षभर डाएट करणार, म्हणजे वाळणार, तर ती घट आजच का धरू नये. एवढं सगळं वजा जाता ते सत्त्याण्णव किलोंवर यायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं खाली उतरायचे. एकदा मापाडी वैतागून म्हणाला, "राव, कांदा वाळतो, कारण त्याला कुनी भजी खाऊ घालत न्हाई." साडूंना हे इतकं पटलं की ते त्याला तिथल्या तिथे भजी खायला घेऊन गेले.

जगात निघालेला प्रत्येक नवा आहार त्यांच्यापर्यंत मोबाईलवरून पोचायचा आणि चाकणच्या पाण्यानं त्याचं रूप पालटायचं. कुणीतरी सांगितलं, चपाती सोडा, भाकरी खा. त्यांनी चपाती सोडली, आणि तीन चपात्यांच्या जागी चार भाकरी आल्या, कारण भाकरी पौष्टिक. पुढे सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांतच खायची पद्धत आली. ते सोळा तास त्यांनी झोप, आंघोळ, प्रवास आणि देवपूजा यांत मोठ्या हिकमतीनं बसवले, आणि उरलेले आठ तास जेवणात अजिबात खंड पडू दिला नाही. "आठ तास दिल्यात खायाला, वाया कशापायी घालवायचं?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. एकदा ते जिमलाही जायला लागले. तिथला ट्रेनर मराठवाड्याकडचा, एकटा राहणारा, खानावळीला कंटाळलेला. साडू त्याच्यासाठी रोज घरून डबा न्यायला लागले. तीन महिन्यांत ट्रेनरचं वजन चार किलोंनी वाढलं आणि त्यानं साडूंना हात जोडून सांगितलं की, काका, तुम्ही आता आला नाहीत तरी चालेल.

हे सगळं मी चारचौघांत रंगवून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. हसण्याचा मला हक्क नव्हता. मी मोशीला राहतो, तळवड्याच्या एका कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसून काम करतो, आणि त्या खुर्चीनं मलाही साडूंच्याच वाटेला लावलं होतं. फरक एवढाच की साडू लठ्ठ होते हे गावाला ठाऊक होतं आणि मी लठ्ठ आहे हे माझं मला ठाऊक नव्हतं. एका दुपारी ऑफिसात छातीत कळ आली. रक्तवाहिनीत जाळी बसवली, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पंधरा किलो उतरवा. रोज चाला. नाहीतर पुन्हा इथंच भेटू."

मी चाललो नाही. बायकोला सांगायचो, कंटाळा येतो. तिला वाटायचं हा आळशी आहे, आणि मीही तसं वाटू देत होतो, कारण खरं सांगायची लाज वाटायची. खरं असं होतं की मला भीती वाटायची. चार पावलं टाकली की सगळं लक्ष छातीकडे जायचं. आत काय वाजतंय ते ऐकत मी जिन्यातच थांबायचो आणि परत फिरायचो. दोन महिने मी घर ते गाडी आणि गाडी ते खुर्ची, यापलीकडे पाऊल टाकलं नाही. वजन दोन किलोंनी वाढलं.

अशात एका पहाटे साडेपाचला दारावर थाप पडली. उघडून पाहतो तर साडू. अंगात पोटावर ताणलेला टी-शर्ट, डोक्यावर कंपनीची टोपी, पायांत नवे कोरे पांढरे बूट. चाकणहून स्कूटर हाणत आले होते. म्हणाले, "पाव्हणं, ह्या टायमाला मी मनावर घेतलंय. पर मला एकट्याला चालायची लाज वाटती. चाकणात सगळं वळकीचं, हसत्यात. तुमी निस्तं संगं चला." मी म्हटलं, मला बरं नाही. ते म्हणाले, "मग तर बरंच झालं. मला बी हळूच चालायचंय."

मी त्यांच्यासाठी निघालो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सव्वा वर्ष मी हेच समजत होतो. आळंदीच्या रस्त्याला लागलो. पहिल्या दिवशी विजेचे चार खांब, दुसऱ्या दिवशी पाच. साडू एक क्षण गप्प बसत नव्हते. कंपनीच्या कँटीनमधली डाळ कशी पातळ होत गेली, त्यांच्या चुलत्यानं नवरीच्या मामाला कसा फसवला, प्रेस मशीनचा आवाज ऐकून कोणता पार्ट बिघडलाय ते कसं ओळखायचं, असं काय काय चालायचं. मध्येच विचारायचे, "मग तुमी सांगा, चुकी कुनाची?" म्हणजे ऐकणं भाग असायचं. छातीकडे लक्ष द्यायला त्यांनी मला सवडच ठेवली नाही. आळंदीच्या वारकरी संस्थेतली मुलं पहाटे पाठ म्हणत रस्त्यानं जायची. त्यांनाही साडू थांबवून जेवलात का, म्हणून विचारायचे, पहाटे सहाला. साडूंची शिफ्ट बदलत असते हे मला माहीत होतं, म्हणून रोज पहाटे यायला कसं जमतं असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "आता कायम सेकंड शिफ्ट घेतलीय. त्या शिफ्टला कँटीनमधी गर्दी नसती, ताट निवांत भरता येतं." मला ते त्यांच्या स्वभावाला धरूनच वाटलं.

चार महिन्यांत माझं अंग हलकं झालं आणि जीभ सैल झाली. साडू मागे पडायला लागले होते. दिसेल त्या मोरीच्या कठड्यावर बसायचे, पाय चोळायचे, आणि मी पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचो. एकदा मी म्हणालो, "दाजी, जाळी माझ्या काळजात बसवलीय, आणि बसताय तुम्ही. थोडा तरी जोर लावा. मनातच नसेल तर वजन कसं उतरेल?" साडू हसले. म्हणाले, "काय करता राव, अंगच जड हाय." आणि उठून चालायला लागले. हा किस्साही मी घरी रंगवून सांगितला होता.

सव्वा वर्षानं माझे चौदा किलो उतरले. डॉक्टरांनी पाठ थोपटली. साडू एकशे नऊवर गेले होते. वहिन्या, मेव्हण्या, पोरं, सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते साडूच. त्यानंतर आठवड्याभरातच ते यायचे थांबले. फोन केला तर म्हणाले, जरा गुडघा दुखतोय. पंधरा दिवसांनी माझ्या मेहुणीचा, म्हणजे आक्कांचा फोन आला की ह्यांना दवाखान्यात न्यायचंय, खाली पाय टेकवत नाही. मी गाडी घेऊन गेलो.

डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो दिव्यावर धरले आणि विचारलं, दुखणं कधीपासून. साडू म्हणाले, "हेच, म्हयना झाला आसंल." आक्का मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोटं का बोलता डाक्टरपुढं? तीन वर्सं झाली, डाक्टर. पहिल्या डाक्टरांनी तवाच सांगितलं व्हतं, गुडघं झिजल्यात, लांब चालायचं न्हाई. ऐकत्यात व्हय. पहाटं उठून मोशीला. त्याच्यासाठी सायबाच्या मागं लागून कायमची सेकंड मागून घेतली. रातच्याला एक वाजता यायचं अन् साडेचारला उठायचं. मी तिळाचं तेल चोळून चोळून दमले."

डॉक्टर काय बोलले त्यातलं मला एवढंच ऐकू आलं की ऑपरेशन लागेल आणि त्याआधी बारा किलो उतरवावे लागतील. परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली होती. मी पुढे बघतच म्हणालो, "दाजी, एका शब्दानं सांगायचं तरी." साडू काच खाली करून बाहेर बघत होते. म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमी चालला असता व्हय?" मी चाललो नसतो. त्यांचे गुडघे हे निमित्त करून मी त्याच दिवशी घरात बसलो असतो, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मी त्यांना जे जे बोललो होतो ते सगळं एकामागून एक आठवायला लागलं, आणि मला तोंड लपवायलाही जागा नव्हती, कारण गाडी मीच चालवत होतो.

याला आता सहा महिने झाले. साडू खरोखर वाळलेत. कसली घट नाही, बारदान नाही, डॉक्टरांच्या काट्यावर अकरा किलो कमी भरलेत. टी-शर्ट पोटावर सैल पडतो. मी रविवारी चाकणला जातो तेव्हा आक्का दोघांची पानं वाढतात. साडू एक भाकरी खातात आणि हात धुवायला उठतात. मला आनंद व्हायला हवा, पण ते असे मुकाट उठले की मला वाईट वाटतं. ते एकशे आठ किलोंचे, पंगतीत सगळ्यांना आग्रह करत फिरणारे साडू मला हवे होते आणि त्यांच्या ऐन बहरात मी त्यांना नुसता हसत राहिलो. परवा न राहवून विचारलं, "दाजी, बावीस वर्षांत जमलं नाही ते आता कसं जमलं?"

ते ओट्यावर पाय लांब करून बसले होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाय उचलत होते, खाली ठेवत होते. म्हणाले, "पुढल्या म्हयन्यात गुडघा बदलला की तीन म्हयन्यांनी मोशीला येनार हाय मी. तुमी आता एकलंच चालता. ध्यान छातीकडं जात आसंल."

मी म्हणालो, "जातं." आणि ते खरं होतं.