घंटीच्या बटणावर सुरू झालेली मोटार

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता माझ्या डोक्यातून रजिस्टर नंबरासकट गेले आहेत. खोडाळ्याच्या बाजूला सापडलेल्या लाल मोटारीचा तपास मात्र काल-परवा केल्यासारखा आठवतो. मी तेव्हा मोखाड्याला सहायक पोलीस निरीक्षक होतो. पालघर जिल्हा झालेला नव्हता, आमचा पत्रव्यवहार ठाणे जिल्ह्याच्या मुख्यालयाशी चाले. आमच्या हद्दीतले गुन्हे म्हणजे दारू, बांधावरची भांडणं, क्वचित एखादी मारामारी. मोटार चोरीची फिर्याद मी तिथे आल्यापासून एकही आली नव्हती.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. खोडाळा-मोखाडा अशा फेऱ्या मारणारा एक जीपवाला पोलीस ठाण्यात आला. हा माणूस अधूनमधून खबर देत असे आणि ती सहसा खरी निघे.

"साहेब, आपल्या हद्दीत सिनेमात असते तशी गाडी फिरतेय," तो म्हणाला. "लाल, बुटकी, दोन सीटची. पाड्याच्या माळावर बघितली. आवाज असा, की माझे पॅसेंजर उतरून बघत बसले."

"चालवतंय कोण?"

"तेच तर. रेडिओवाला मामा."

माझा हवालदार त्याच भागातला. त्याला मामा कोण हे विचारावं लागलं नाही. खोडाळ्याच्या बाजारात त्याचं पत्र्याचं लहानसं दुकान होतं. रेडिओ, टेप, टीव्ही, लग्नातले स्पीकर, पिठाच्या गिरणीची मोटर, काहीही बिघडलं की लोक त्याच्याकडे नेत. पन्नाशीचा माणूस. तरुणपणी मुंबईत एका गॅरेजात राबून परत आलेला. हवालदार म्हणाला, "साहेब, तो चोरी करणाऱ्यातला नाही." मी म्हणालो, "ते आपण जाऊन ठरवू."

आम्ही दोन पंच घेऊन मामाच्या पाड्यावर गेलो. कारवीच्या कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात नागली वाळत घातलेली, आणि शेजारच्या मांडवात ती मोटार. अशी गाडी मी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. जवळ गेल्यावर मात्र ती कॅलेंडरवरल्यासारखी राहिली नाही. पुढचे दिवे वेगवेगळ्या आकाराचे होते. काचा खालीवर करायला जीपच्या वायपरच्या मोटरी बसवल्या होत्या. स्टिअरिंगपाशी लहान हिरव्या-लाल दिव्यांची ओळ होती. इंजिन तापलं की हिरवा जाऊन लाल लागे. आणि किल्लीच्या जागी घराच्या दारावर असतं तसं पांढरं घंटीचं बटण.

मामा पळाला नाही. फडक्याला हात पुसत उभा राहिला. मी चेसिस नंबर उतरवून घेतला आणि हवालदाराला वायरलेसवर कळवायला सांगितलं. दुपारी उत्तर आलं. गाडी परदेशी, मुंबईच्या एका उपनगरातून चार वर्षांपूर्वी चोरीला गेलेली. मालक व्यापारी. विम्याची भरपाईही त्याला मिळून गेलेली.

मी मामाला ताब्यात घेतलं. गाडी ठाण्यात कशी न्यायची हा प्रश्न होता, कारण ती चालवणं दुसऱ्या कुणाला जमेना. शेवटी जप्त मुद्देमाल आरोपीनेच चालवत आणला. हवालदार शेजारी बसला होता. रस्त्याला लोक उभे होते आणि हवालदाराला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

मी चौकशी सुरू केली.

"गाडी कुठून आणली?"

"दरीतून."

"कुणी दिली?"

"कोनी नाय दिली सायब. घाटाखाली पडेल होती, उलटी. लाकडाला गेलेल्या बायांनी बघितली. पोलीस पाटलाला सांगितला. तो वरून बघून बोलला, आत मानूस नाय, तं सोडून द्या."

"आणि तू अख्खी गाडी वर आणलीस?"

"अख्खी नाय येत. खाली बसून खोलली. चाकं, दारं, गिअर, समदं सुटं केला. इंजिन बांबूला बांधून आणला, आजारी मानूस नेतात तसा. आठ जन लागलं."

खरं सांगायचं, तर मला त्यातला शब्दही पटला नाही. चोर दरीतल्या कहाण्या सांगतात हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याला जव्हारच्या कोर्टात उभं केलं आणि चार दिवसांची कोठडी घेतली. मुंबईचं पथक तोवर येणार होतं. तपास त्यांचा, आरोपी त्यांच्या हवाली केला की आमचं काम संपणार होतं.

पण खोडाळ्याच्या बाजारात बातमी पोहोचली होती. दुकानातला माल चोरीचा म्हणून पोलीस जप्त करतील, या भीतीने लोक आपापले सेट मागायला गेले. दुकानाला कुलूप होतं. कुणीतरी पत्रा उचकटला. ज्यांनी वर्षानुवर्षं विश्वासाने वस्तू ठेवल्या, तेच त्याला चोर म्हणू लागले. हवालदाराने मला हे सांगितलं तेव्हा मामा गजाआड बसून ऐकत होता. तोवर तो शांत होता. ते ऐकल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवशी जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आली. जीपच्या टपावरून तिने एक पत्र्याची पेटी उतरवून घेतली आणि माझ्या टेबलासमोर आणून ठेवली.

"ह्यात गाडीतून काढेल समदं हाय," ती म्हणाली. "त्यानं खिळासुदीक टाकला नाय. चोर आसता तं ठेवला आसता का?"

पेटीत बिस्किटांचे आणि तेलाचे रिकामे डबे होते. प्रत्येक डब्यात एकेक मोडका भाग, आणि त्यावर चिकटवलेला कागद: काय काढलं, कुठून काढलं, का काढलं, त्याच्या जागी काय बसवलं. अक्षर शाळकरी, पण नोंद अशी की आमच्या मुद्देमाल कारकुनाने शिकावी. मी मामाला बाहेर बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, आणि एकेक डबा पुढे करून विचारायला लागलो. दोन दिवस उत्तरं तुटक देणारा माणूस सलग बोलायला लागला.

एका डब्यात जळकी पट्टी होती. गाडीवाले जिला इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणतात, ती.

"ही पडल्यानं जळाली?"

"नाय सायब. पडायच्या आधीच जळेल. हे बघा, इथं कोनीतरी सोल्डर मारून बघितलाय. जमला नाय त्याला." तो पुढे म्हणाला, "मना पन जमला नाय. मंग समदं काढून टाकला. जुने दोन कार्बोरेटर बसवले, नि ठिणगीसाठी टीव्हीच्या सुट्या भागातून माझाच डबा बनवला. तीन डबे जळले. चौथा चालला."

पुढच्या डब्यात स्टिअरिंगचं कुलूप होतं, करवतीने कापून काढलेलं. त्यात एक किल्ली वाकून बसली होती.

"निघंना," मामा म्हणाला. "म्हनून समदा लॉक कापला, नि घंटीचा बटन लावला."

मी ते कुलूप टेबलावर ठेवलं. मुंबईहून फॅक्सने आलेली फिर्यादीची प्रत काढून पुन्हा वाचली. मालकाने लिहून दिलं होतं की गाडी इमारतीखाली उभी होती, उत्तम चालू स्थितीत होती, आणि तिच्या दोनच किल्ल्या होत्या. दोन्ही त्याच्या घरात सुरक्षित राहिल्या, त्या त्याने विमा कंपनीकडे जमा केल्या. मग दरीतल्या कुलपात ही तिसरी किल्ली कुठून आली? कॉम्प्युटर जळालेली गाडी ढकलायची तर स्टिअरिंग सुटावं लागतं, आणि किल्ली फिरवल्याशिवाय ते सुटत नाही. एवढं मलाही कळत होतं.

त्याच दुपारी मी मामाला घेऊन घाटात गेलो. दरी उतरायला तासभर लागला. खडकावर लाल रंगाचे ओरखडे होते, दगडांत काचेचा चुरा होता. पाड्यावरच्या आठही जणांनी इंजिन उचलल्याचं सांगितलं. एकाने खांद्यावरचा वण दाखवला. पोलीस पाटलानेही मान खाली घालून कबूल केलं. पंचनामा करून वर आलो तेव्हा मी दमलो होतो, पण मनातून हलका झालो होतो. जव्हारहून चावीवाला बोलावून पंचांसमोर ती किल्ली कुलपातून सोडवली. तिच्यावर कारखान्याचा नंबर ठोकलेला होता. मुंबईच्या अधिकाऱ्याला फोन केला आणि विनंती केली, की येताना विमा कंपनीकडच्या दोन्ही किल्ल्या आणा आणि फिर्यादीलाही आणा.

ते आले. मालक चाळिशीचा, पांढरे बूट घातलेला. ठाण्याच्या आवारात आपली गाडी पाहून त्याने नाक मुरडलं. "हे काय करून ठेवलंय. भंगार आहे हे," तो म्हणाला. मी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. किल्ल्या किती? दोनच. चोरीच्या वेळी गाडी कशी होती? एकदम फर्स्ट क्लास. हे सगळं लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली.

मग मी मामाला म्हणालो, "सुरू कर."

मामा आत बसला आणि त्याने पांढरं बटण दाबलं. पहिल्या झटक्यात इंजिन गरजलं. बाजूच्या झाडावरचे कावळे उडाले, शेजारच्या तहसील कचेरीतले कारकून बाहेर आले. मामाने हळूच वेग कमी केला आणि इंजिन एका सुरात घुमत राहिलं. मी मात्र मालकाकडे बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही नव्हता. तो नुसता चक्रावला होता.

"हे सुरू कसं झालं?" तो म्हणाला. "याचा कॉम्प्युटर तर जळाला होता."

 मुंबईच्या अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मालकाला आत नेलं, त्याने नुकतीच सही केलेला जबाब पुढे ठेवला आणि विचारलं, "फर्स्ट क्लास गाडीचा कॉम्प्युटर कधी जळाला?"

तो काहीतरी सावरासावर करायला लागला. मी टेबलावर तीन किल्ल्या ठेवल्या. कंपनीला दिलेल्यांपैकी एकीवर कारखान्याचा नंबर होता. दुसरी कोऱ्या पट्टीतून कापलेली नक्कल, तिच्यावर वापराचा एक ओरखडाही नव्हता. आणि तिसरी, वाकलेली, दरीतली. तिच्यावरचा नंबर पहिलीवरच्या नंबराशी जुळत होता.

त्याने पाणी मागितलं. मग सगळं सांगितलं. कॉम्प्युटर जळाल्यावर त्याने दोन कारागिरांना दाखवला, कुणाला जमलं नाही. परदेशातून भाग येत नव्हता. चालेना अशी गाडी कुणी विकत घेईना. तेव्हा टेम्पोवर चढवून इकडे आणली, घाटात उतरवली आणि टेम्पोच्या ड्रायव्हरच्या मदतीने ढकलली. एक किल्ली कुलपातच राहून गेली, म्हणून तिच्या जागी नक्कल करून कंपनीला दिली. शेवटी तो म्हणाला, "ती पुन्हा चालेल असं मला वाटलंच नव्हतं." मला वाटतं, त्या दिवशी त्याने सांगितलेली ही सर्वांत प्रामाणिक गोष्ट होती.

खोटी फिर्याद आणि फसवणूक असे गुन्हे त्याच्यावर लागले आणि पुढे त्याला शिक्षाही झाली. मामाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी स्वतः जव्हारच्या कोर्टात नेऊन दिला. गाडी कायद्याने विमा कंपनीची झाली होती. त्यांचा सर्वेक्षक आला, बॉनेट उघडून दोन तास आत डोकं घालून बसला, आणि बाहेर येऊन मामाला म्हणाला, "काका, हा ठिणगीचा डबा मला वहीत काढून द्याल का?" काही महिन्यांनी कंपनीने ती गाडी मोडीतला माल म्हणून रीतसर मामाच्या नावे करून दिली. त्यांच्या साहेबांना ते पटवून द्यायला मी तीन पत्रं लिहिली होती, हे इथे सांगतो, कारण नोकरीत लिहिलेल्या पत्रांपैकी तीच मला अभिमानाने आठवतात.

ताबा घ्यायला मामा बायकोला घेऊन आला. तो बाजाराचा दिवस होता. मी त्याला म्हणालो, "तुला चार दिवस आत ठेवलं, ती माझी चूक. दरी मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती."

त्याने बॉनेटवरून एकदा फडकं फिरवलं. मग म्हणाला, "सायब, हे बाजारात येऊन सांगाल का?"

मी वर्दीवर होतो आणि तसाच गेलो. पुढे ती लाल गाडी, तिच्यात मामा आणि पदर सावरून ताठ बसलेली त्याची बायको, मागे आमची जीप. खोडाळ्याच्या भर बाजारात, तेव्हापासून बंदच असलेल्या त्याच्या उचकटलेल्या दुकानासमोर उभा राहून मी मोठ्याने सांगितलं की या माणसाने काहीही चोरलेलं नाही, पोलिसांकडून चूक झाली. काहींनी माना खाली घातल्या. एक म्हातारा पुढे आला आणि त्याने काखेतला रेडिओ मामाच्या हातात दिला. त्याच्यामागे आणखी तीन-चार जण आले. संध्याकाळपर्यंत दोघा-चौघांनी पत्राही ठोकून नीट केला.

ही केस मी फोडली असं खात्यात म्हटलं गेलं, मला बक्षीसही मिळालं. पण ती मी फोडली नाही. एका माणसाने आपलं काम चोख केलं होतं आणि त्याच्या बायकोचा त्या कामावर विश्वास होता. मी फक्त उशिराने डबे उघडले. एवढी भारी वस्तू या माणसाकडे असूच कशी शकते, या एका प्रश्नावर मी त्याला आत घातलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, गरीब माणूस भारी वस्तूसकट समोर आला की मी त्याला आधी बसायला सांगत असे आणि विचारत असे, ही चालते कशी, मला समजावून सांग. ज्यांनी ती चोरलेली असे, ते गप्प राहत. बाकीचे बोलायला लागत, आणि मग मी पेन खाली ठेवून ऐकत असे.