उन्हाळ्यातली कानटोपी

चांद्याच्या उन्हाळ्यात माणसं डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून फिरत आणि आमचा मामा लोकरीची कानटोपी घालून. आईचा हा धाकटा भाऊ सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी, आमच्याच घरी राहायचा. बाबांच्या बरोबरीने धानाची शेती करायचा. लग्न केलं नव्हतं. याच्या डोक्यात थोडं कमी आहे, असं ठरवून लोक मोकळे झाले होते. मला मात्र चौकशीचा रोग. एकदा सरळ विचारलं, "मामा, तुले गरम नाई होत?"

"होते ना. पण टोपीनं आवाज पातळ होते. गरम सोसते मले, आवाज नाई सोसत."

इतकं साधं उत्तर होतं, पण तोवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मग मला नादच लागला. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसे, खांद्याकडे बघायचा. म्हातारी माणसं याला उर्मटपणा म्हणत. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "डोळे पाह्यले का बोलणं आयकू येत नाई. दोन्ही कामं एकदम नाई जमत मले." मीही काही दिवस लोकांच्या खांद्यांशी बोलून पाहिलं. पोरगी मामावर गेली, अशी शेजारच्या काकूंनी आईकडे तक्रार केली.

भातावर वरण ओतलं की त्याचं जेवण तिथेच संपायचं. म्हणून पंगतीला जाताना तो पळसाचे द्रोण स्वतः लावून बरोबर न्यायचा, वरण एकात, भाजी दुसऱ्यात. वाढणारे हसत, तो शांतपणे जेवत असे. घरी पाहुणे आले की त्याची वाक्यं ठरलेली, "या. बसा. धान कसं आहे?" एकदा गावोगाव फिरणाऱ्या शिंप्यालाही त्याने धान विचारलं. उत्तर ऐकून तो गोठ्यात जायचा, बैलाच्या पाठीवर तळवा ठेवून उभा राहायचा आणि निवला की परत यायचा.

माझं लग्न ब्रह्मपुरीकडे ठरलं. नवरीला मांडवात आणायचं आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मान मामाचा. घरात कुजबुज सुरू झाली. मोठे काका म्हणाले, "वाजंत्री लागली का पळते तो. चारचौघांत फजिती होईल. चुलतमामाले उभा करा." मला चुलतमामा नको होता. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मामाने ते ऐकलं.

"काय काय होते ते आधी सांग," तो म्हणाला. "मंग येतो."

रिकाम्या मांडवात मी त्याला फिरवलं. इथून निघायचं, इथे थांबायचं, त्या खांबाजवळ वाजंत्री. रोज तो वाजंत्र्यांच्या घराकडे जाऊन लांबून डफडं ऐकायचा, रोज थोडा पुढे सरकून.

लग्नाच्या दिवशी कानटोपीवर फेटा बांधून तो माझ्याबरोबर निघाला. अर्ध्या वाटेत काकांना त्याची दया आली. अगदी चांगल्या मनाने त्यांनी हात वर करून वाजंत्री थांबवली. मांडव चिडीचूप झाला आणि मामा जागीच थिजला. लोक वळून बघू लागले, काका चुलतमामाला खुणावू लागले.

"मामा, काय झालं?"

"इथी वाजते म्हणून सांगतलं होतं ना तू?"

"काका, वाजवाले सांगा!" मी भर मांडवात ओरडले. नवरीचा आवाज ऐकून सासरची मंडळी दचकली. डफडं पुन्हा कडाडलं आणि मामा चालू लागला. शेवटचं मंगलाष्टक संपेपर्यंत तो माझ्या पाठीशी उभा होता. तेवढा अभिमान मला नंतर कशाचाच वाटला नाही.

निघताना सगळे गळ्यात पडून रडत होते. मामा गाडीजवळ आला आणि माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "मी तुझ्या सासरी जाऊन आलो."

मी बघतच राहिले. परक्या घरी एकटा जाणारा हा माणूस नव्हे.

"दार ठेंगणं आहे, वाकजो. सासू मोठ्यानं बोलते, पण रागावत नाई. तिले कमी आयकू येते. सांजेले घरात लय गलबला होते. तवा विहिरीमागच्या चिंचेखाली बसजो. तिथी कोणी येत नाई."

सासरच्या पहिल्याच संध्याकाळी मी त्या चिंचेखाली बसून पोटभर रडले. खरंच, कोणी आलं नाही.