देवघराची घंटा

तेलगावच्या आमच्या घरात अंगणातला स्मार्ट बल्ब एका कंपनीचा, ओसरीतला दुसरीचा, स्वयंपाकघरातला तिसरीचा. तीन-तीन ॲप उघडून माझं डोकंच फिरलं. शेवटी तिघांनाही एकाच ॲपला जुंपलं. संध्याकाळी ठरल्या वेळी दिवे आपोआप लागले आणि आई कडाडली, "देवापुढं दिवा न्हाई लागला, आन् हे आधी कावून लागले?"

आमच्याकडे देवाच्या आधी घरात उजेड करत नाहीत. मग मी देवघरातल्या घंटेलाच सेन्सर चिकटवला. दुसऱ्या दिवशी आईनं निरांजन लावलं, घंटा वाजवली आणि सगळं घर एकदम उजळलं. तिनं बल्बलाही हात जोडले.

आता शेजारणी आल्या की आई भर दुपारी घंटा बडवते. देवाची वामकुक्षी गेली ती गेलीच.