दोष वांग्याचा नव्हता

सुनंदाबाईंचा गाल इतका सुजला होता की उजवा डोळा अर्धा मिटला होता. खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "चूक माझीच हाय, मॅडम. राती भरीत खाल्लं."

"दम निघतो व्हय हिला!" मागून सासूबाई कडाडल्या. "दाढंचं काम चालू, आन् वांगं चापायचं!"

"वांगं? मग सुजणारच," क्लिनिकचे मालक, आमचे सर म्हणाले.

नारायणगावच्या या दातांच्या क्लिनिकमध्ये मी डॉक्टर म्हणून नोकरीला होते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. ओळखपाळख नसताना सरांनी मला काम दिलं होतं, म्हणून मी गप्प राहायचे. पण सुजलेला पेशंट आला की त्यांचा एकच प्रश्न असे, "काय खाल्लं?" आपल्याकडे प्रत्येकाने काहीतरी खाल्लेलंच असतं. पथ्य मोडलं म्हटलं की माणूस स्वतःच मान खाली घालतो.

रूट कॅनालमध्ये दाताच्या मुळातली बारीक नळी फाइलने, म्हणजे सुईसारख्या कानशीने, साफ करतात. एक्स-रे काढून मुळाची लांबी आधी मोजायची असते. तरी थोडी घाण कुणाच्याही हातून टोकाबाहेर जाते. पण न मोजता फाइल दामटली, की बरीच घाण हाडात ढकलली जाते आणि गाल सुजतो. आदल्या दिवशी सुनंदाबाईंच्या दाढेचा एक्स-रे सरांनी घाईत काढलाच नव्हता.

"काढून टाका ती पीडा," सासूबाई म्हणाल्या.

"काढ गं," सर मला म्हणाले.

"नगा काढू," सुनंदाबाई रडवेल्या झाल्या. "ह्या अंगाला चावायला हीच राहिलीय."

माझं डोकं सणकलं. "आजी, वांग्याचा काही संबंध नाही. काल दाढ साफ करताना घाण मुळापलीकडे गेली. चूक क्लिनिकची आहे."

"तू आत ये," सर म्हणाले.

"आधी दाढ उघडते, सर."

वरचं तात्पुरतं सिमेंट काढताच पू आला. सुनंदाबाईंनी मोठा श्वास सोडला. मी लांबी मोजली, नळी धुतली, औषधं लिहून दिली. संध्याकाळी सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

चूक कुणाकडूनही होते. ती पेशंटच्या ताटात नेऊन टाकणं मला आजही सहन होत नाही.

ती दाढ मी पुढे शेजारच्या वारूळवाडीत, माझ्या एका खुर्चीच्या दवाखान्यात पूर्ण केली. निघताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "आता वांगं चालंल ना हिला?"

"चालेल," मी म्हणाले. "तेव्हाही चालत होतं."