मेंढीच्या पाठीवरचा लाल पट्टा

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत बरेच प्लॉट अजून रिकामेच आहेत. तारेचं कुंपण, गंजकी पाटी आणि आत नुसतं गवत. दिवाळी झाली की तिथं मेंढरांचे कळप येतात. मी त्याच वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगचं काम करायचो. शाळा आठवीतच सुटलेली, गाव पार चंद्रपूरच्याही पलीकडं, आणि रविवारी काय करायचं हा मोठाच प्रश्न. म्हणून मोबाईल घेऊन फोटो काढत हिंडायचो.

एका रविवारी अंगात ताप असताना बाहेर पडलो आणि धनगरांच्या एका तळाजवळ उन्हात बसकण मारली. एक बाई आली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "जेवलास का रं?" या शहरात येऊन मला सात महिने झाले होते आणि हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिनं भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं. तेव्हापासून दर रविवारी जाऊ लागलो. तिला मामी म्हणायचो, तिच्या नवऱ्याला मामा. मामांचं पागोटं लाल, आणि त्यांच्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर गेरूचा लाल पट्टा. ती त्यांच्या कळपाची खूण.

त्या दिवसांत मला एकच वेड लागलं होतं. अख्खा फोटो काळा-पांढरा करायचा आणि बोट घासून एकाच जागी रंग परत आणायचा. शिवाय समोरचा माणूस लख्ख आणि मागचं सगळं धूसर. मामांचा एक फोटो असा साधला की माझा मीच हरखलो. पागोटं लालभडक, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी अशी. मागची मेंढरं, चूल, फाटकी ताडपत्री सगळं विरघळलेलं. मामी बराच वेळ बघत राहिली.

"आन् मी कुठं हाय यात?"

चुलीपाशी एक करडा डाग होता, तो मी दाखवला.

"बरं हाय. पागोटं धुयाला मी, आन् फोटोत पागोटंच."

आम्ही तिघंही हसलो. मोबाईल भरला होता म्हणून मूळ फोटो मी पुसून टाकले. माझ्या लेखी ते कच्चे होते.

महिन्याभरानं मेंढरांची लोकर कातरली. लोकरीबरोबर पट्टेही गेले. नवे मारायच्या आतच पाण्यावर दुसऱ्या कळपाशी गाठ पडली, मेंढरं मिसळली, आणि वेगळी करताना एक गाभण मेंढी त्या कळपाच्या धनगरानं आपली म्हणून ठेवून घेतली. मामांच्या बाकी मेंढ्यांच्या कानाला कातरून केलेली खूण होती. ही लासूर स्टेशनच्या बाजारातून आणलेली, तिचे कान कोरे.

मामांचा फोन आला. "लेकरा, कातरायच्या आदी तू फोटो काढलास न्हवं? ती माझ्या मागंच हुबी व्हती, तोंडावर पांढरा टिक्का. पट्टा दिसंल तिचा. रविवारी निवाड्याला चार मानसं बसनार हायती."

"हो मामा, आहे ना," मी म्हणालो. फोटो उघडून बघायच्या आधीच म्हणालो. नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही, आणि ज्यांची भाकरी खाल्ली त्यांना तर नाहीच.

मग उघडला. मागं सात-आठ करडे गोळे. त्यातली ती कोणती, हे काढणाऱ्या मलाही कळेना. शनिवारी दुपारी खोलीवर बसून मी अंदाजानं एक गोळा निवडला, मोठा केला आणि त्याच्या पाठीवर बोटानं लाल रंग ओढला. मनाला सांगितलं, पट्टा होताच की तिथं, मी फक्त परत आणतोय. हे लिहितानाही कान गरम होतात.

रविवारी बाभळीखाली चार म्हातारे बसले. मोबाईल हातोहात फिरला.

"ही मेंढी हाय का ढग?" एकानं विचारलं, तसे भोवती जमलेले लोक हसले.

थोरल्या म्हाताऱ्यानं चष्मा काढून फोटो नाकाशी नेला. "मेंढी दिसंना आन् पट्टा मातर चांगला दिसतोय. बरं, बाकीच्यांचे पट्टे कुठं गेले?"

मी मोबाईल परत घ्यायला हात पुढं केला, पण त्यानं तो दिला नाही.

"समद्या कळपाला पट्टा असतो. हिला एकटीलाच कसा?"

"ते... रंग पाहिजे तिथं ठेवता येतो, बाबा."

"कोन ठेवतं?"

"मीच."

"म्हंजी तू बोटानं लावलास."

"हो."

"घ्या," मेंढी ठेवून घेतलेला तो दुसरा धनगर म्हणाला. "उद्या माझ्या कुत्र्याला पट्टा मारंल आन् त्येबी ह्यांचंच म्हनंल."

मग मी सगळं सांगून टाकलं, पण आता त्या सांगण्याला कोण विचारतो. म्हातारा मामांकडं वळला. "तुला ठावं व्हतं?"

"नाय."

खरं म्हणून कुणी मान हलवली नाही. मामा उठले. "घिऊन जा मेंढी. माझ्या अंगानं खोटं आलं. आता कोनत्या तोंडानं मागू?"

तळाकडं परतताना मी चार पावलं मागं होतो. मामा मध्येच थांबले. "माझं खरं व्हतं रं," ते म्हणाले. "तू कशाला त्यात हात घातलास?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मामीनं त्या दिवशीही भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली, कारण नको म्हणायचंही तोंड राहिलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार खोलीतच काढले. तिसऱ्या रविवारी त्या दुसऱ्या धनगराचा तळ शोधत हर्सूलपर्यंत गेलो. तो दोरी वळत बसला होता.

"मामांना काहीच माहीत नव्हतं," मी म्हणालो. "सगळं मी केलं. चार लोकांत तुम्ही तेवढं सांगा."

"ठावं हाय मला. तोंड बघितलं न्हवं का मी त्याचं. असला मानूस न्हाय त्यो."

"मग मेंढी?"

"व्याली परवा. कोकरू चांगलं हाय." त्यानं दोरीला पीळ दिला. "खरं सांगू का? तू आला नसतास ना, तर म्हातारे त्याच्या शब्दावरच मेंढी देनार व्हते. लई मान हाय त्याच्या शब्दाला. मीबी गप बसलो असतो."

चहा घेतोस का, त्यानं विचारलं. मी नको म्हणालो आणि निघालो. मामांचा नुसता शब्द पुरला असता, हे मी त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. कळप पुढं निघून गेला तरी ते माझ्याच्यानं झालं नाही. त्यांचा नंबर अजून आहे.